मकस्वेची बंडी

वांग ओन दुबू करायला शिकत होता त्याला वर्ष होत आलं होतं, आणि अजून त्याला तो धड जमत नव्हता. सोयाबीन भिजत घालायचं, दगडी जात्यावर दळायचं, फडक्यातून दूध पिळून काढायचं, ते उकळायचं आणि समुद्राचं खारं पाणी बेतानं घालून फाडायचं. मग दाबून पनीरासारख्या वड्या पाडायच्या. बेतानं म्हणजे किती, हे कुणी त्याला सांगू शकत नव्हतं. मठाच्या मुदपाकखान्याचा मुख्य चोंगाम भिक्खू रोज सकाळी येई, बोटानं वडी दाबून बघे आणि काहीतरी बोलल्याशिवाय जात नसे.

"मकस्वे, आज यानं भिंत बांधायची का रे?"

"खारं पाणी जरा जास्त पडलं, महाराज."

"जरा? किनाऱ्यावर जाऊन बघ, समुद्र मागे हटला असेल."

मठात सगळे त्याला मकस्वे म्हणत. सामवोल म्हातारीचा मुलगा, पिढीजात गुलाम, हाताला थोडा जड पण गरीब स्वभावाचा. गुलामांच्या वस्तीत दर चौथ्या पोराचं नाव मकस्वे असायचं, त्यामुळे या नावाकडे कुणी वळूनही बघत नसे. खरा मकस्वे गेल्या वसंतात समुद्रात बुडाला होता. जात्यापुढे बसलेला हा माणूस गेलेल्या राजघराण्यातला वांग ओन होता, आणि ही गोष्ट त्याला आणि म्हातारीला सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

जुन्या राजघराण्यात माणसं उदंड. वांग ओन त्यातल्या फार लांबच्या फांदीवरचा. सोंगदो शहरात घर, बाहेरगावी जमिनी, आणि चहा घोटून मित्रांना पाजायचा एवढाच उद्योग. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. गादीपर्यंत पोचायला मधली साठेक माणसं मरावी लागली असती. ती मेली, पण तोवर गादीच दुसऱ्याची झाली होती. सेनापतीनं राज्य घेतलं आणि वांग आडनावाची झाडून सगळी माणसं गांगह्वा बेटावर नेऊन ठेवली.

मग एक दिवस हुकूम आला की तुम्हाला दुसऱ्या बेटावर जमीन देतो, शेती करा, सुखानं राहा, होड्या तयार आहेत. लोकांनी विश्वास ठेवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर जमीन देऊ केली होती. वांग ओन त्या दिवशी तापानं फणफणला होता. त्याला लहानपणी अंगावर पाजणारी दाई सामवोल आणि तिचा मुलगा मकस्वे बेटावर त्याच्याबरोबर होते. पहिल्या होडीतल्यांना पाण्याजवळची जमीन मिळणार अशी आवई उठली होती. तेव्हा सामवोलच मुलाला म्हणाली, "तू धन्यांचा अंगरखा घाल आणि त्यांच्या जागेवर जाऊन बस. ताप उतरला की आम्ही मागच्या होडीनं येतो."

यात विशेष काही नव्हतं. धन्याची जागा धरून बसणं हे गुलामाचं रोजचं काम. उत्सवात, नावेवर, वैद्याच्या दारात मकस्वेनं ती किती वेळा धरली असेल. त्यानं आपली लांब बाह्यांची तागाची बंडी काढून धन्याच्या अंगावर टाकली, रेशमी अंगरखा चढवला, टोपी तिरपी करून आईला हसवलं आणि गेला. होड्या खोल पाण्यात गेल्यावर त्यांच्या तळाला भोकं पाडली गेली. मागची होडी कुठे नव्हतीच.

गुलामांकडे कुणी लक्ष देत नव्हतं. त्या बंडीतल्या माणसाला घेऊन म्हातारी अख्खा देश ओलांडून पूर्व किनाऱ्याला, आपल्या माहेरच्या मुलखात आली. तिथून ती पोरसवदा वयात विकली गेली होती, तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. दुतासान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मठाला दुबू करायला माणूस हवा होता आणि चुलीपुढे बसायला बाई. दोघं राहिली.

एक गोष्ट वांग ओनच्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. चारचौघांत म्हातारी त्याला "अरे", "इकडे ये", "ऐकलंस का" म्हणे. एकांतात "धाकटे धनी". मकस्वे हे नाव तिनं वर्षभरात एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. सगळा मठ त्याला त्या नावानं हाका मारी, फक्त ती मारत नसे. त्यानं याबद्दल तिला कधी विचारलं नाही. काय विचारणार?

हिवाळ्याची थंडी ओसरत आली तेव्हा चोंगाम भिक्खू बातमी घेऊन मुदपाकखान्यात आला.

"कामाला लागा. राजधानीहून ऊद येतोय, खुद्द राजानं पाठवलेला. पाण्यात गेलेल्या वांग लोकांसाठी आपल्या मठात मोठा विधी करायचाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "राजाला म्हणे झोप लागत नाही. आधी बुडवायचं आणि मग जेवायला बोलवायचं. मोठ्यांच्या तऱ्हाही मोठ्या."

वांग ओननं जात्याचा खुंटा सोडला नाही. "किती दुबू लागेल, महाराज?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ. आणि दातांनी तुटेल असा. मेलेल्यांनी काय पाप केलंय?"

विधी सगळ्यांना माहीत होता. समुद्रावर जाऊन आत्म्यांना हाका मारायच्या, पालखीतून वाजतगाजत मठात आणायचं, पडद्यामागे कढत पाण्याची आंघोळ घालायची, कागदाचे नवे कपडे द्यायचे, मग पोटभर जेवण. शेवटी त्यांच्या नावाच्या पाट्या जाळल्या की ते सुटले. विधी वांग लोकांचा असला तरी पाण्यात गेलेल्या कुणाच्याही माणसानं यावं अशी रीत होती, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कोळणी आपापल्या नवऱ्यांचे, मुलांचे जुने कपडे पेटीतून काढून उन्हात टाकू लागल्या. आंघोळीचं पाणी तापवायचं काम सामवोलनं मागून घेतलं. लाकडं तिनं एकटीनं वाहिली, कुणाला हात लावू दिला नाही.

त्या लाकडांच्या ढिगाआड तिनं वांग ओनला गाठलं.

"धाकटे धनी, ही बंडी मला त्या दिवशी लागेल."

त्याला क्षणभर कळलं नाही. ती बंडी तो वर्षभर घालत होता. कोपरावर दोन ठिगळं त्यानं स्वतः लावली होती, वेडीवाकडी.

"पाण्यातल्याला बोलवायचं तर त्याच्या अंगावरचं कापड हलवावं लागतं," ती म्हणाली. "माझ्याकडे त्याचं दुसरं काही नाही."

"दाई, इथे मकस्वे सगळ्यांना रोज जिवंत दिसतोय. तू त्याला हाक मारलीस तर लोक काय समजतील?"

"पन्नास बाया ओरडत असतील. त्यात माझं एक तोंड. कोण ऐकतंय?"

"अनाथ आत्म्यांची सगळ्यांची मिळून एक पाटी असते. महाराज म्हणत होते. तो त्यात..."

"तो अनाथ आहे?"

म्हातारीनं एक ओंडका उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"तुमच्या नावाची पाटी असणार तिथे. तुम्हाला कढत पाणी मिळेल, कपडे मिळतील, भात मिळेल. आणि तुम्ही तर हे असे धडधाकट. तो वर्ष झालं त्या गार पाण्यात आहे. लहानपणी अंगावर तांब्या ओतला तरी किंचाळायचा, आठवतं ना तुम्हाला? मीच पाठवला त्याला. मीच बोलावणार." तिचा आवाज चढला नाही. "एवढंच करा, मी हाक मारली की तुम्ही ओ देऊ नका. सवय झालीय तुम्हाला त्या नावाची. मेलेल्याला मारलेल्या हाकेला जिवंतानं ओ दिली तर मेलेला परत फिरतो. मग पुन्हा कितीही बोलवा, येत नाही."

"नाही देणार," वांग ओन म्हणाला.

राजधानीची मंडळी विधीच्या आदल्या दिवशी आली. ऊद घेऊन आलेले मोठे अधिकारी सर्दीनं बेजार होऊन तडक तापवलेल्या खोलीत शिरले ते त्या दिवशी बाहेर आलेच नाहीत. सगळी धावपळ त्यांच्या कारकुनाच्या गळ्यात पडली. ग्वाक त्याचं नाव. पन्नाशीचा, बारीक, सतत नाक चोळणारा माणूस. सकाळभर खपून त्यानं सभामंडपात वांग लोकांच्या पाट्या मांडून घेतल्या. प्रत्येक पाटी म्हणजे खाली लाकडी कमळ आणि त्यावर उभा चिकटवलेला कागद, त्यावर नाव.

दुपारी चोंगामनं वांग ओनला दुबूची परात घेऊन मंडपात पाठवलं. तिथे कुणी नव्हतं. परात ठेवून त्यानं वर बघितलं, आणि त्याची सगळी माणसं ओळीनं उभी होती. चुलते, चुलत आजोबा, थोरला भाऊ, भावाचे मुलगे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. येईल असं त्याला वाटलं होतं. त्याऐवजी त्याला एकदम राग आला, कारण मांडणी साफ चुकली होती. पुतण्या चुलत आजोबांच्या वर बसला होता. आणि स्वतः वांग ओन आपल्या थोरल्या भावाच्या डोक्यावर.

त्यांच्या घरात असली चूक करणाऱ्या पोराला पिंढऱ्यांवर छड्या बसत. नात्याच्या पायऱ्या त्यांना अक्षरांच्या आधी शिकवलेल्या. वांग ओननं काही विचार केला असं म्हणता येणार नाही. वाकडी टोपी सरळ करावी तसे त्याचे हात वर गेले. त्यानं पुतण्याला खाली आणलं, आजोबांना वर नेलं, स्वतःची पाटी उचलून भावाच्या पायाशी ठेवली, आणि समाधानानं एक पाऊल मागे सरकून बघितलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मग तो निघून गेला आणि जात्यापाशी पोचेपर्यंत आपण काय करून बसलो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

कळलं तेव्हा परत फिरायला उशीर झाला होता. ग्वाक कारकून मुदपाकखान्याच्या दारात उभा होता आणि त्याच्या हातात वांग ओनच्याच नावाची पाटी होती.

"मंडपात कोण आलं होतं?"

"हा दुबूवाला," चोंगाम म्हणाला. "का? काही सांडलं का यानं? याला सवय आहे, सरकार."

"सांडलं नाही. लावलं." ग्वाकनं वांग ओनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाचता येतं?"

"नाही, सरकार. गुलाम माणूस मी."

"मग ही धर जरा. मला नाक पुसायचंय."

वांग ओननं पाटी घेतली. आपल्याला वाचता येत नाही हे दिसावं म्हणून त्यानं ती उलटी धरली. ग्वाकनं सावकाश नाक पुसलं, रुमाल बाहीत खोचला आणि पाटीकडे बघितलं.

"खाली कमळ आहे तिला," तो म्हणाला. "कमळावर पाटी उभी राहते हे बैलालाही कळतं. उलटी धरायला वाचता यावं लागतं."

चोंगामनं हातातला पळा खाली ठेवला. ग्वाकनं पाटी परत घेतली.

"उद्या समुद्रावर उदाची पेटी उचलायला मला माणूस लागेल. तूच ये. माझ्या शेजारीच राहा. बाकीचं विधी झाल्यावर बोलू." मठाच्या दरवाजावर राजधानीचे शिपाई होते आणि डोंगरावर अजून बर्फ होतं. हे त्यानं सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती.

संध्याकाळी चुलीपुढे वांग ओननं म्हातारीला सगळं सांगितलं. ती कागदाचा छोटा सदरा घडी घालत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"पाट्या लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मेल्यावरसुद्धा मान राखायला हवा तुम्हा लोकांना." ती खरंच चिडली होती. लहानपणी तो चिखलात पडून आला की अशीच चिडे. मग तिनं घडी पूर्ण केली, ती मांडीवर ठेवली, आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला. "उद्या तो कारकून तुमच्या शेजारी असणार?"

"हो."

"मग मी हाक मारली की तुम्ही ओ द्या."

"दाई..."

"मी नीट बोलते ते ऐका. त्याला संशय आहे, पुरावा नाही. आईनं मुलाला हाक मारली, मुलानं ओ दिली, झालं. त्याचा संशय तिथेच फिटेल. नाही दिलीत तर बंडी कुणाची, हाक कुणाला, सगळं बाहेर येईल."

"मग हाकच मारू नकोस."

"ते मला जमायचं नाही," सामवोल म्हणाली. "मी वर्षभर ते नाव दाबून ठेवलंय. उद्या समुद्र बघितला की ते तोंडातून येणारच. तुम्ही ओ द्या. तो परत फिरेल, फिरू दे. नाहीतरी गेलाच आहे. तुमच्या जागेवर बसून गेला, आता तुम्हीही गेलात तर ते बसणं फुकट जाईल."

वांग ओननं बंडी काढून तिच्या हातात दिली. तिनं त्याला चोंगामचा जुना, ढगळ झगा दिला. त्या झग्यात त्याला थंडी वाजत होती आणि आपल्याला थंडी वाजते याची त्याला लाज वाटत होती.

सकाळी सगळे समुद्रावर गेले. झांजा, ढोल, पताका, रिकामी पालखी. मोठ्या अधिकाऱ्यांना खुर्चीत घालून आणलं होतं. ते रजईत गुंडाळून लांब बसले आणि शिंकत राहिले. वारा समुद्राकडून होता. भिक्खूंनी मंत्र म्हटले, घंटा वाजवली, एकेका वांगचं नाव घेऊन पाण्याला हाक दिली. वांग ओननं उदाची पेटी धरून स्वतःचं नावही ऐकलं. अंगावर काटा येईल असं त्याला वाटलं होतं, पण त्याचं सगळं लक्ष म्हातारीकडे होतं.

मग कोळणींची पाळी आली. त्या पाण्यापर्यंत धावल्या, कपडे हलवू लागल्या आणि एकच गलका झाला. कुणी बापाला, कुणी नवऱ्याला, कुणी नुसतंच "ये रे, ये रे" म्हणत होतं. सामवोल सगळ्यांच्या शेवटी, ओल्या वाळूत उभी होती. तिनं बंडी दोन्ही हातांनी वर धरली. ठिगळं लांबून दिसत होती.

"मकस्वे!"

तिचा आवाज इतका मोठा असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर मठात ती पुटपुटण्यापलीकडे बोलली नव्हती. शेजारच्या दोन बायांनी हाका थांबवून वळून बघितलं.

ग्वाकनंही बघितलं. आधी म्हातारीकडे, मग शेजारच्या माणसाकडे.

"तुझी आई हाक मारतेय," तो म्हणाला.

वांग ओनची जीभ हलली. सवयच होती. वर्षभर त्या नावाला त्यानं जात्यावरून, विहिरीवरून, झोपेतून ओ दिली होती. एक ओ, दोन पावलं पुढे, तिच्या हातातून बंडी घ्यायची, आणि तो वाचला असता. म्हातारीनं स्वतः सांगितलं होतं. त्यानं तोंड मिटलं आणि दात आवळून धरले.

"मकस्वे! पाणी तापलंय रे! ये!"

आता बऱ्याच बाया वळल्या होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. हा काय तिथे उभा आहे तिचा मकस्वे, मग ही समुद्राला काय ओरडते? म्हातारी मात्र मागे बघत नव्हती. तिची पाठ ताठ होती, आणि ती वाट बघतेय हे वांग ओनला त्या पाठीवरून कळत होतं. ती त्याच्या ओची वाट बघत होती. ती ओ आली की तिच्यासाठी सगळं संपणार होतं, आणि तरी ती वाट बघत होती.

"ऐकू येत नाही का?" ग्वाक म्हणाला.

"येतं, सरकार."

"मग ओ दे की."

"मला हाक नाही मारलेली ती."

ग्वाकनं नाक चोळलं. "काल ती बंडी तुझ्या अंगावर होती."

"ज्याची आहे त्यालाच ती बोलावतेय," वांग ओन म्हणाला. एवढं बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. मरणाची भीती होतीच, ती कुठे जाते? पण पेटीतला ऊद सांडला नाही.

"मकस्वे!" म्हातारीनं तिसऱ्यांदा हाक मारली. मागून ओ आली नाही. वारा होता, लाटा होत्या. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग बंडी हळूच खाली आणून छातीशी धरली, थंडीत भिजून आलेल्या पोराला धरावं तशी, आणि पालखीकडे चालू लागली.

बायांमध्ये कुजबुज वाढली होती. तेवढ्यात चोंगाम भिक्खू झांज हातात घेऊन त्यांच्यात घुसला.

"काय बघताय? हिच्या नवऱ्याचं नावही मकस्वेच होतं. देशात मकस्वे काय कमी आहेत? गेल्या महिन्यात मठाला बैल मिळाला त्याचं नावही मकस्वे आहे. चला, पालखी निघाली." त्यानं झांज बायांच्या कानापाशी वाजवली आणि बोलणं तिथेच बुडालं. जाताना त्यानं वांग ओनकडे एकदा बघितलं, तेवढंच.

गर्दी पुढे गेली. ग्वाक वाळूतच उभा राहिला, त्यामुळे वांग ओनलाही राहावं लागलं.

"मीही सोंगदोचाच," ग्वाक म्हणाला. "जुन्या दरबारात होतो, नव्यातही आहे. कारकून लागतातच. हलवलेल्या पाट्यांत तुझ्या वयाची एकच होती. काल रात्री मी मनात हिशेब मांडला. एक वांग जिवंत पकडून दिला तर मला बढती मिळेल. मग विचारतील, याची तर पाटी होती, राजानं स्वतःच्या हातानं दिलेला ऊद याच्यापुढे जाळला. जिवंत माणसाला मेलेल्याचं जेवण वाढून राजाच्या पुण्याची माती कुणी केली? पाट्या कुणी लिहिल्या?" त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "बढतीनंतर मान धडावर किती दिवस टिकेल याचा मला अंदाज येईना."

वांग ओननं उदाची पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हा वांग ओन बुडाला. संध्याकाळी त्याची पाटी जळेल, मी स्वतः जाळीन." ग्वाक चालायला लागला, मग थांबला. "तू ओ देशील असं मला वाटलं होतं. मी असतो तर दिली असती." थोडं पुढे जाऊन, मागे न बघता तो म्हणाला, "आणि क्रम तुझाच बरोबर होता. यापुढे कुठे हात लावू नकोस."

मठात पोचल्यावर आंघोळीच्या पडद्यापाशी सामवोल बसली होती. भिक्खूंनी पडद्याआड पाण्याची घंगाळं ठेवली, मंत्र म्हटले. सगळे बाहेर आल्यावर ती आत गेली, पाण्यात कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा बघितलं. मग कागदाचा सदरा कडेला ठेवला आणि बाहेर येऊन पडद्याकडे पाठ करून बसली. मुलगा मोठा झाला होता, आई समोर असताना आंघोळ करायला लाजला असता. वांग ओनला ते बघवेना. तो मुदपाकखान्यात गेला आणि दुबू कापताना रडला. चोंगाम शेजारी भात वाढत होता. तो म्हणाला, "मीठ पुरे झालं," आणि भातावरचं झाकण नीट केलं.

संध्याकाळी पाट्या जळल्या. ग्वाकनं एक स्वतः आगीत टाकली. प्रसादाचं जेवण वाटलं तेव्हा त्यानं दुबूचा तुकडा चावून बघितला आणि म्हणाला, "मेलेल्याच्या हातचा म्हणून बरा आहे." सकाळी राजधानीची मंडळी निघून गेली.

त्याच सकाळी वांग ओन नेहमीसारखा जात्यावर बसला होता. अंगावर अजून चोंगामचा झगा होता. म्हातारीला तो रात्रीपासून भेटला नव्हता. काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं, आणि आता ती आपल्याला कशी हाक मारणार हेही कळत नव्हतं. ते नाव ज्याचं होतं तो काल येऊन, न्हाऊन, जेवून, नवे कपडे घालून गेला होता. वांग ओन जळाला होता. त्याला वाटलं, आता "अरे" एवढंच उरलं.

सामवोल चुलीकडून अंगणात आली. तिच्या खांद्यावर ती बंडी होती, धुऊन वाळवलेली, कोपरावरची ठिगळं उसवून नीट लावलेली. अंगणात भिक्खू होते, पाणी भरणाऱ्या बाया होत्या, चोंगाम वड्या दाबून बघत होता. तिनं कमरेवर हात ठेवला.

"मकस्वे," ती म्हणाली, "अरे मकस्वे, दूध उतू चाललंय तिकडे. लक्ष कुठाय तुझं?"

जातं थांबलं. वांग ओननं वर बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं बंडी पुढे केली होती.

"ओ," तो म्हणाला. "आलो, आई."